पुस्तकातली माणसं पोट कशावर भरतात? (गेल्या वर्षातलं वाचन, आवडलेलं आणि नावडलेलं)

पोटमाळा

मी पतपेढ्या आणि गृहनिर्माण सोसायट्यांचे हिशेब तपासते. त्या सवयीने असेल, पण कादंबरी किंवा आत्मचरित्र हातात घेतलं की पहिल्या काही पानांतच मला एक शंका छळायला लागते: हे घर चालतं कशावर? नायक सकाळी उठून खिडकीतून पाऊस बघतो, दुपारी मैत्रिणीला भेटतो, रात्री त्याला आयुष्य निरर्थक वाटतं. ते सगळं ठीक, पण भाडं कोण भरतंय? गेलं वर्षभर मी मुद्दाम ही एकच फूटपट्टी घेऊन वाचलं. नवं थोडं, जुनं जास्त, काही पुन्हा. फूटपट्टी वाकडी आहे हे मला कुणी सांगायला नको, पण तिने काही पुस्तकं फार वेगळी दिसली, म्हणून हा धागा.

सुरुवात 'माझा प्रवास'पासून. वरसईचे विष्णुभट गोडसे. घरावर कर्ज झालेलं. बायजाबाई शिंदे मथुरेत मोठा यज्ञ करणार, दक्षिणा भरपूर मिळणार अशी वार्ता कोकणात पोचली आणि भटजी काकांबरोबर उत्तरेला निघाले, ते थेट 1857च्या धामधुमीत जाऊन पडले. बहुतेक जण हे पुस्तक झाशीच्या राणीसाठी वाचतात. मी भटजींच्या गाठीच्या पैशांसाठी वाचलं. मिळतात, लुटले जातात, पुन्हा कुठे अनुष्ठान मिळतं, पुन्हा जातात. झाशी पडल्यानंतरची पानं तर अंगावर येतात. कत्तलीचं वर्णन आहेच, पण मला जास्त हादरवलं ते लुटीच्या वर्णनाने. लूट पाळीपाळीने होते. आधी सोनंरुपं, मग तांब्यापितळेची भांडी, मग कपडेलत्ते, धान्यधुन्य. घर कसं तळापर्यंत खरवडलं जातं ते हा माणूस जप्तीच्या पंचनाम्यासारखं सांगतो. कोणतंही विशेषण न लावता. शेवटी भटजी घरी काय घेऊन येतात? गंगेची कावड. कर्ज होतं तिथेच. ह्या पुस्तकावर आजवर जे काही लिहिलं गेलंय त्यात शौर्य फार आणि कर्ज फार कमी, असं माझं मत.

दुसरं लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे'. शाळेत उतारा होता तेव्हा विनोदी वाटलं होतं. लक्ष्मीबाईंच्या वडिलांचं सोवळं आठवत असेल. बाजारातून आलेलं मीठसुद्धा धुवून घ्यायचं! हसू येतं, आणि पुढच्याच पानावर लक्षात येतं की ह्या मीठ धुण्याचे कष्ट करतंय कोण, तर घरातल्या बायका. वडिलांच्या सासरेबुवांना सत्तावन्नच्या बंडानंतर फाशी झाली, त्या धक्क्यानंतर वडिलांचं हे सुरू झालं असं त्या सांगतात, म्हणजे इथेही 1857 आहेच, फक्त स्वयंपाकघरात आहे. पुढे टिळकांशी संसार. रेव्हरंड टिळक मोठे कवी, मनाने त्याहून मोठे, आणि हातात पैसा म्हणून ठरायचा नाही. कुणी मागितलं की दिलं. 1895 साली त्यांनी धर्म बदलला तेव्हा लक्ष्मीबाईंवर काय कोसळलं हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्या आधी आणि त्या नंतर उद्याचं वाणसामान कुठून येणार ही काळजी जी पानोपानी आहे, तिच्याकडे आपण 'खुसखुशीत शैली' म्हणून बघतो. ती बाई नवऱ्यावर जिवापाड प्रेम करते आणि त्याचा जमाखर्चही बिनतोड मांडते. मराठीत असा नवऱ्याचा हिशेब पुढे सुनीताबाईंनी 'आहे मनोहर तरी'त मांडला. दोन्ही एकापाठोपाठ वाचून बघा. माझं मत लक्ष्मीबाईंच्या पारड्यात जातं, कारण त्यांना स्वतःवरही हसता येतं.

'रारंग ढांग'. प्रभाकर पेंढारकर, 1981. मुंबईची नोकरी सोडून हिमालयात रस्ता बांधायला गेलेला विश्वनाथ मेहेंदळे. ह्यात कामच काम आहे. कडा, सुरुंग, मजूर, वरच्यांचे हुकूम, मग कोर्टमार्शल. ह्या कादंबरीत माणूस विचारसुद्धा कामातूनच करतो. वेगळं चिंतन करायला बसत नाही. मला प्रेमाचा भाग थोडा जोडल्यासारखा वाटला, पण तो इतका थोडा आहे की भांडण नाही.

आता दोन अनुवाद, जे आपण सगळ्यांनी लहानपणी रडत वाचले. 'पाडस' आणि 'चौघीजणी'. राम पटवर्धनांनी फ्लोरिडाच्या रानातलं बॅक्स्टर कुटुंब मराठीत असं आणलं की ते तिकडचं वाटतही नाही आणि कोकणातलंही वाटत नाही, स्वतःच्याच जागी उभं राहतं. लहानपणी वाटायचं, मोठी माणसं दुष्ट असतात म्हणून पाडस मारायला लावतात. आता वाचताना नजर गेली ती शेतावर. ते पाडस मोठं होतं आणि उगवलेला मका खातं. कुंपण उंच केलं तरी उडी मारून आत येतं. वर्षभराचा घास तेवढ्याच वावरात आहे. बाप दुष्ट नाही, आई तर मुळीच नाही, कणगी रिकामी आहे. आणि 'चौघीजणी'तली ज्यो आपले केस विकून पंचवीस डॉलर आणते. शान्ताबाई शेळक्यांच्या मराठीत तो प्रसंग मी मोठ्याने वाचून दाखवला भाचीला. तिचा पहिला प्रश्न, "म्हणजे आत्ताचे किती?" आमच्याच घरची मुलगी.

न आवडलेल्यांत पहिला नंबर 'ययाति'चा. ज्ञानपीठ वगैरे सगळं मान्य. पण एवढ्या मोठ्या राज्यात कुणी शेत नांगरत नाही, कर भरत नाही, चूल पेटवत नाही. सगळे मिळून बोलतात. सुखाबद्दल बोलतात, दुःखाबद्दल बोलतात, भोगाबद्दल तर विचारूच नका. पन्नास पानांनंतर मला त्या राजवाड्याचा तांदूळ कुठून येतो याचीच काळजी लागली.

आणि एक पुस्तक असं की जिथे माझी फूटपट्टी काही कामाचीच नव्हती. विश्राम बेडेकरांचं 'रणांगण'. 1939 सालचं. युरोपातून परतणारं जहाज, त्यावर चक्रधर आणि जर्मनीतून पळालेली ज्यू हॅर्टा. चक्रधरचं पोटापाण्याचं विचाराल तर मला आज धड सांगता येणार नाही, आणि त्याने काही बिघडत नाही. त्या बोटीवरच्या ज्यूंचं घर, धंदा, देश सगळं आधीच हिरावलेलं आहे. ज्याला उतरायला बंदर नाही त्याला व्यवसाय काय विचारायचा? एवढंसं पुस्तक आहे. महायुद्ध पुरतं पेटायच्या आधी मराठीत हे लिहून झालं होतं, ह्याचं मला दर वेळी नव्याने आश्चर्य वाटतं.

'रुचिरा' पण ह्या यादीत घालणार होते. कमलाबाई ओगल्यांइतकं वाचकाला काहीही येत नाही हे गृहीत धरून, तरीही त्याचा अपमान न करता, मराठीत कुणी लिहिलेलं नाही. वाटी आणि चमचा, संपला विषय. पण त्यावर वेगळा धागा काढीन.

तुमच्याकडे अशी पुस्तकं असतील तर सांगा. अट एकच, माणसं काय काम करतात हे दिसलं पाहिजे. नुसतं 'तो बँकेत होता' नको.

---

खडीसाखर

मस्त धागा! वाचनखूण साठवली आहे. 'पाडस' तुमच्या नजरेने परत वाचणार. तेव्हा आईवरच राग काढला होता सगळा.

---

उंडारलेला

लिहिलंय छान, पण मुळात असहमत. साहित्याला रेशनकार्ड दाखवायला लावण्यासारखं आहे हे. तुमच्या हिशेबाने जीएंचं (जी. ए. कुलकर्णी) काय करायचं? 'ऑर्फियस' कशावर जगतो? 'यात्रिक'मधल्या सरदाराला पगार मिळतो का? दुर्गाबाईंच्या 'ऋतुचक्रा'त तर माणसंच जवळजवळ नाहीत, झाडं आहेत. 1956 पासून लोक ते वाचतायत. सगळ्याच पुस्तकांनी चुलीजवळ बसलं पाहिजे असं कुठंय?

---

पोटमाळा

@उंडारलेला, फूटपट्टी वाकडी आहे हे वरच लिहिलंय की. सगळ्यांनी चुलीजवळ बसू नये, पण जे चुलीजवळ बसलेत असा आव आणतात त्यांनी धूर तरी दाखवावा.

जीएंचं म्हणाल तर तुम्ही सोयीच्या कथा निवडल्यात. 'कैरी' घ्या. तानीमावशीच्या हातात स्वतःचं म्हणून काही नाही, त्या पोरक्या पोराला काही द्यायचं तर चोरून द्यावं लागतं, माझ्या मते तरी ती कथा तिथेच घडते. जीएंची रूपककथा वाचणारे त्यांच्या ह्या घरगुती कथांना दुय्यम मानतात. मी उलट मानते. ह्यावर भांडायचं तर वेळ आहे माझ्याकडे, मार्चअखेर उलटून गेलाय.

ऋतुचक्रातली झाडं मात्र भरपूर काम करतात हो. फुलायचं, फळायचं, पानं टाकायची. सुट्टी नाही.

---

ओसाडगावचा पाटील

हिशेबच वाचायचा तर ताळेबंद वाचा ना ताई, कादंबरीच्या वाटेला कशाला जाता. (ह. घ्या.)

---

पोटमाळा

वाचते की. पतपेढीच्या ताळेबंदाइतकी कल्पनाशक्ती फार थोड्या कादंबऱ्यांत असते.

---

घाटरस्ता

'रारंग ढांग'चं नाव निघालं म्हणून लॉगिन झालो. उभी नोकरी रस्त्यांवर गेली, हिमालयात नाही, आपल्या सह्याद्रीत. पेंढारकर स्वतः माहितीपटांतले, भालजींचे चिरंजीव, इंजिनिअर नव्हेत. तरी त्यांना साईट कळली आहे, हे मी खात्रीने सांगतो. बाहेरच्या माणसाला साईट म्हणजे नकाशा आणि मशिनरी वाटते. साईट म्हणजे खरं तर वाट बघणं असतं. माल यायची वाट, हुकूम यायची वाट, पाऊस थांबायची वाट.

एक गोष्ट सांगतो, म्हणजे काम दिसणं काय असतं ते कळेल. सुरुंग उडवताना सगळे आडोशाला जातात, मुकादम मात्र आवाज मोजत असतो. बारा भोकं भरली तर बारा आवाज यायला हवेत. अकरा आले तर कुणी पुढे जायचं नाही, कितीही घाई असो, साहेब कितीही ओरडो. न उडालेला सुरुंग तिथेच बसलेला असतो. नवा मजूर हमखास उतावळा होतो. जुना मुकादम त्याला शिवी घालून खाली बसवतो. ती शिवी हीच आमच्याकडची माया. मी ही कादंबरी वाचली तेव्हा नोकरीत नवीन होतो आणि वरच्या साहेबाचं ऐकायचं की जमिनीचं ऐकायचं, हा त्यातला झगडा मला रोज साईटवर दिसत होता. जमीन कधीच कुणाच्या हुद्द्याला सलाम करत नाही. कड्याचं वागणं कागदावर ठरत नसतं.

प्रेमप्रकरण जोडलेलं आहे हे मान्य. पण बहुधा त्याशिवाय बायकांनी वाचली नसती असं त्यांना वाटलं असेल.

पेंढारकरांचंच 'चक्रीवादळ' वाचा. आंध्रच्या किनाऱ्यावर 1977 साली जे वादळ आलं त्यावर आहे. 'रारंग ढांग'ची कीर्ती त्याला मिळाली नाही.

---

खडीसाखर

@घाटरस्ता काका, सुरुंगाचे आवाज मोजणं भारीच. पण 'त्याशिवाय बायकांनी वाचली नसती' ह्याला आक्षेप नोंदवून ठेवते. आमच्या घरात ती कादंबरी आईनेच आणली होती आणि प्रेमाची पानं तीच उलटून टाकायची.

---

घाटरस्ता

आक्षेप मान्य. आईंना नमस्कार सांगा.

---

वऱ्हाडी ठेचा

अहो बाप्पा, एवढा मोठा धागा आन् उद्धव शेळक्याचं 'धग' नाही? काहून? 1960 चं पुस्तक हाय. कौतिक वाचली नसन तं तुमी मराठीतली बाईच वाचली नाही असं समजा. घर शिंप्याचं, नवरा महादेव असून नसल्यावानी, पुढं त्याले महारोग होते. पोटच्या लेकरायसाठी ते बाई कोनतं काम करत नाही? दुसऱ्याच्या वावरात जाते, मिन्नतवारी करते, पन हटत नाही. अन् शेवटाले तिच्या हाती काय लागते, ते मी सांगत नाही, वाचा.

आमच्या अमरावतीकडची बोली जशीच्या तशी हाय त्यात. पुण्याकडच्या मानसाले पयले अवघड जाते, पन मंग कान लागते. लोकं कोसला कोसला करतेत, 1963 चं. धग त्याच्या आंधीचं हाय. नेमाड्यायचा पांडुरंग बापाच्या पैशावर बिघडते. कौतिकले बिघडाची सोय नव्हती.

---

पोटमाळा

@वऱ्हाडी ठेचा, शेवटचं वाक्य वाचून खुर्चीतून उठले. 'धग' माझ्याकडे आहे, पहिली पानं वाचून ठेवून दिलंय कारण ते वाचायला मन घट्ट लागतं. आता काढते.

---

सातासमुद्रापार

नेमाड्यांच्या बाजूने एक शब्द. पांडुरंग बापाच्या पैशावर बिघडतो हे खरं, पण 'कोसला'इतका मेसचा हिशेब कुठल्या कादंबरीत आहे सांगा! तो मेसचा सेक्रेटरी होतो आणि सगळे मिळून त्याला जो काही चुना लावतात, ते मला अस्तित्ववादापेक्षा जास्त अस्सल वाटतं. मी टोरांटोत शिकायला आलो तेव्हा आम्ही मराठी-गुजराती-तेलुगू मुलं एका घरात राहायचो आणि किराणाचा हिशेब माझ्याकडे होता. तूप कोण जास्त खातं यावरून दोस्ती तुटलेली पाहिली आहे. कोसला तेव्हा बरोबर होतं. 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' हे दोन शब्द सगळ्यांच्या तोंडी बसले, पण मेस कुणाच्या लक्षात राहत नाही.

आणि तो बापाचा पैसा येतो कुठून, तर शेतीतून. बाप पैसे पाठवतो आणि टोमणेही पाठवतो. पांडुरंगाला त्या पैशाची लाज आहे. धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मरणाची पानं सोडली तर मला त्या पुस्तकात सगळ्यात जास्त छळणारं हेच.

'रुचिरा'चा धागा नक्की काढा. इथल्या अर्ध्या मराठी घरांत गीता नसेल पण रुचिरा असते.

---

शर्मिष्ठेची सखी

'ययाति'ला नावं ठेवण्याची आता फॅशनच झाली आहे. खांडेकरांची भाषा आज जड वाटते, मान्य. पण तुमच्याच फूटपट्टीने बघा ना. शर्मिष्ठा राजकन्या असून देवयानीची दासी होते. हा कामाचाच प्रश्न आहे! एका क्षणात ती मालकीणीची नोकर होते. तिच्या तोंडून येणारे भाग हे त्या पुस्तकातले सर्वात जिवंत भाग आहेत. आणि कच आहे. तो तर व्रतस्थ, कष्टाळू. तुम्ही राजवाड्याचा तांदूळ शोधत बसलात आणि दासी तुमच्या समोरून निघून गेली.

---

पोटमाळा

@शर्मिष्ठेची सखी, मुद्दा बिनतोड आहे पण मला पटलेला नाही. शर्मिष्ठा दासी *होते*, हे कळतं. दासीपण *करताना* ती किती दिसते? पाणी भरताना, पाय चेपताना, कुणाचं उष्टं काढताना? तिचं दासी होणं हा अपमान म्हणून येतो, काम म्हणून नाही. अपमान एका वाक्यात होतो, काम रोज उठून करावं लागतं. खांडेकरांना अपमानात रस आहे. त्यांची निवड ती. तिच्या तोंडचे भाग जिवंत आहेत, हे मात्र शंभर टक्के.

---

शर्मिष्ठेची सखी

मग कर्णावरचं 'मृत्युंजय' चालेल तुम्हाला. सारथ्याचं घर आहे, घोडे आहेत, लगाम आहे.

---

ओसाडगावचा पाटील

आता कर्णाचा पीएफ काढा.

---

गिरणगावचा भोंगा

'तो बँकेत होता' नको म्हणता, तर जयंत पवार वाचा. 'फिनिक्सच्या राखेतून उठला मोर', 2012 चा साहित्य अकादमी पुरस्कार. लालबाग-परळात वाढलेल्या माणसाला ते पुस्तक म्हणजे चाळीच्या गॅलरीत उभं राहून खाली बघण्यासारखं आहे. 18 जानेवारी 1982 ला दत्ता सामंतांचा संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर. संप कधी मागे घेतलाच गेला नाही, नुसता विरून गेला. तो इतिहास ठिकठिकाणी वाचायला मिळतो. पवार सांगतात ते संपाच्या नंतरचं: गिरणी नाही, गिरणीच्या जागी मॉल आहे, आणि माणसं तिथेच आहेत. काम गेल्यावर माणसाचं काय होतं. म्हणजे ताई, तुमच्या प्रश्नाची उलटी बाजू.

त्यावरून आठवलं, अण्णा भाऊंची 'स्मशानातील सोनं' कथा. भीमा खाणीत काम करायचा, दगड फोडायचा, अंगात रेड्याचं बळ. खाण बंद पडते. मग त्याला जळलेल्या मढ्याच्या राखेत सोन्याचा कण सापडतो आणि तो त्यालाच धंदा करतो. रात्री मसणवटे धुंडाळायचे, राख गाळायची, मढी उकरायची. कोल्ह्यांशी मारामारी करून एक मढं ताब्यात घेतो आणि त्याच्या जबड्यात हाताची बोटं अडकतात. ती बोटं शेवटी कापावी लागतात. आणि मग कळतं की खाण पुन्हा सुरू झाली. दगड फोडणाऱ्याची बोटं गेली, आता खाण सुरू झाली. अख्खं अर्थशास्त्र दहा-पंधरा पानांत. 'फकिरा'चं नाव सगळे घेतात, पण मी कुणालाही अण्णा भाऊंची ओळख करून द्यायची तर ही कथा आधी देतो.

---

उंडारलेला

@भोंगा, ही कथा वाचलेली आहे, आणि इथे मी गप्प बसतो. पण माझं म्हणणं अजून तेच आहे: ती मोठी कथा आहे ती बेकारीमुळे नव्हे. तो मढं उकरताना मेलेल्यांना भीत नाही, जगण्याला भितो, त्यामुळे ती मोठी आहे. कोल्ह्यांशी झुंज हा प्रसंग जवळजवळ पुराणातला आहे. म्हणजे तो कणगीबाहेरचाच भाग झाला.

---

गिरणगावचा भोंगा

खाण बंद पडली नसती तर तो त्या पुराणात गेलाच नसता भाऊ.

---

जुनाबाजार

गोडसे भटजींबद्दल थोडी भर. भटजींनी हे लिहिलं ते भारताचार्य चिंतामणराव वैद्यांच्या सांगण्यावरून, 1883 च्या सुमारास. इंग्रजी अमलात हे छापणं जोखमीचं, म्हणून ते छापलं गेलं 1907 साली, भटजींच्या पश्चात. आणि वैद्यांनी त्यावर बराच हात फिरवला. मूळ मोडी हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी संपादित केलेली आवृत्ती 1966 साली आली. पोटमाळाताई, तुम्ही कोणती वाचलीत? वैद्यांची असेल तर पोतदारांची जरूर मिळवा. भटजींचा स्वतःचा सूर त्यात ऐकू येतो. वाक्य धापा टाकत पळतं, विराम नाही, मध्येच एखाद्या गावचं पाणी कसं ते सांगून पुन्हा लढाईकडे. वैद्यांच्या आवृत्तीत भटजी शाल पांघरून बसल्यासारखे वाटतात.

'बनगरवाडी' कुणीच कसं घेतलं नाही? 1955. एका मेंढपाळांच्या वाडीवर आलेला तरुण मास्तर. शाळा चालवणं हे काम त्यात दिसतंच, पण शेकूचा प्रसंग आठवा. एकच बैल, आणि जुवाच्या दुसऱ्या बाजूला बायको खांदा देते. माडगूळकर त्यावर एक अवाक्षर बोलत नाहीत. आजचा लेखक तिथे दीड पान थांबला असता. मग दुष्काळ येतो आणि वाडी उठते. मास्तर आणि रिकामी घरं उरतात.

---

पोटमाळा

@जुनाबाजार काका, वैद्यांचीच वाचली, ग्रंथालयात तीच होती. पोतदारांची शोधते. शेकूची बायको कशी विसरेन! 'बनगरवाडी' मुद्दाम ठेवून दिली होती, कुणी काढतं का बघायला. धाग्याला पुढे न्यायचं तर सगळे पत्ते पहिल्याच डावात टाकत नाहीत.

---

मांडवीकाठ

गोंयातून देव बरें करूं. आमच्याकडचं एक सांगतो. महाबळेश्वर सैल मराठी वाचकांना 'तांडव'मुळे माहीत असतील, पोर्तुगीज काळातली बाटवाबाटवी आणि इन्क्विझिशन, जाडजूड कादंबरी. ती चांगलीच आहे. पण तुमच्या प्रश्नाला नेमकं उत्तर त्यांच्या कोंकणी 'हावठण'मध्ये आहे. 2016 चा सरस्वती सन्मान तिलाच मिळाला. कुंभार समाजाची कादंबरी. माती, चाक, भट्टी, आणि स्टील-प्लास्टिक आल्यावर मडकं कोण घेणार ही चिंता. माणसं देवाला भितात तशी मातीला भितात. सैल स्वतः आधी फौजेत होते, मग लिहू लागले.

देवनागरीतच आहे, म्हणून मराठी माणसाला लिपीची अडचण नाही. दोन-चार पानं अडखळाल, मग कथाच ओढून नेईल. वऱ्हाडीला कान लागतो म्हणतात ना वर, तसंच.

---

वऱ्हाडी ठेचा

@मांडवीकाठ, एक नंबर! कोकनी अन् वऱ्हाडी, दोघायचीही पुण्यावाल्याले भेवच वाटते.

---

खडीसाखर

मी पुण्याची आहे आणि दोन्ही मागवणार आहे. बघा बरं.

---

सातासमुद्रापार

एक प्रश्न. पेंडशांची 'तुंबाडचे खोत' कुणी ह्या नजरेने वाचली आहे का? दोन खंड, 1987. मी एकदा सुरू केली आणि खोत म्हणजे नक्की करतो काय हेच न कळल्यामुळे अडकलो. जमीनदार म्हणायचा का?

---

जुनाबाजार

अगदी जमीनदार नाही. खोत हा सरकार आणि कुळं यांच्यामधला. गावचा सारा गोळा करून सरकारात भरायचा आणि मधला वाटा आपल्याकडे ठेवायचा. कुळाने पिकाचा ठरलेला हिस्सा द्यायचा. अर्धेल म्हणजे पिकाचा अर्धा वाटा. वर वेठ, म्हणजे फुकट काम, ते वेगळंच. बाबासाहेबांनी 1937 साली खोती रद्द करण्याचं विधेयक विधिमंडळात आणलं होतं. कायदा झाला तो 1949 साली. तेव्हा कादंबरीतले खोत पिढ्यान्‌पिढ्या भांडताना दिसले की हे लक्षात ठेवा: ज्या जमिनीवरून भांडतायत ती नांगरणारा तिसराच आहे. पेंडशांनी त्याला किती जागा दिली यावर मत प्रत्येकाने वाचून ठरवावं. माझं मत, फार कमी. पण खोतांची हवेली, त्यांचा माज, कर्ज, ते सगळं कमाल आहे. पहिल्या खंडाचा पहिला भाग नेटाने काढा, पुढे थांबवणार नाही.

---

पोटमाळा

काका, हे विधेयकाचं माहीत असतं तर पंधरा वर्षांपूर्वी 'तुंबाडचे खोत' वेगळी वाचली असती. दोन्ही खंड पुन्हा काढते. @शर्मिष्ठेची सखी, 'मृत्युंजय'ही रांगेत आहे. घोड्यांना चंदी कोण घालतं ते बघून येऊन सांगते.